फाटकावर न मोजलेला माणूस

८ जुलै २०२५ रोजी सकाळी तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथील रेल्वे फाटकावर एका पॅसेंजर गाडीने शाळकरी मुलांच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला. हे फाटक मानवरहित नव्हते. तेथे फाटकवाला होता, अडसर होता, दूरध्वनी होता. नव्हती ती एकच गोष्ट : फाटक आणि सिग्नल यांची सांगड. रेल्वेच्या परिभाषेत तिला इंटरलॉकिंग म्हणतात.

अपघातानंतर काही दिवसांतच रेल्वे मंत्रालयाने देशभरासाठी आदेश काढले. सर्व फाटकांवर सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, इंटरलॉक नसलेल्या फाटकांवरील दूरध्वनी-संभाषणांची ध्वनिमुद्रणे रोज तपासावीत, आणि फाटक इंटरलॉक करण्यासाठी लागणारी 'टीव्हीयू'ची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजारांवर आणावी, असे त्यांतील मुख्य मुद्दे होते. वर्तमानपत्रांनी कॅमेऱ्यांची बातमी ठळक छापली. खरा विचार करण्याजोगा मुद्दा मात्र तिसरा होता. खेड्यातील फाटकावर इशाऱ्याचे कोणते उपकरण असावे, जुने बदलून नवे केव्हा बसवावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो एका आकड्याने सुटतो, आणि त्या आकड्यात कोण मोजला जातो व कोण वगळला जातो हा प्रश्न पूर्णपणे सामाजिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम उपकरणांतील फरक पाहू. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर सारा व्यवहार शब्दावर चालतो. स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून गाडी येत असल्याचे कळवतो, फाटकवाला अडसर पाडतो आणि एक खाजगी अंक सांगून फाटक बंद झाल्याची ग्वाही देतो. अंक सांगितला गेला पण अडसर पडलाच नाही, तर सिग्नलला त्याचा पत्ता लागत नाही. इंटरलॉक केलेल्या फाटकाचे तसे नाही. अडसर पडून त्याला कुलूप बसल्याखेरीज गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल मिळूच शकत नाही. तेथेही माणूस चुकतो, थकतो, त्याला डुलकी लागते. परंतु त्याच्या चुकीने गाडी थांबते, कोणी मरत नाही. चुकीची किंमत वेळापत्रकाने चुकती करावी की शाळकरी मुलाने, एवढाच या दोन उपकरणांमधील फरक आहे.

या कसोटीवर कॅमेऱ्याचे मोल काय ठरते? कॅमेरा अडसर पाडत नाही आणि गाडीही थांबवत नाही. अपघात झाल्यावर कोणाला निलंबित करावयाचे एवढे तो सांगतो. धाक म्हणून त्याचा काही उपयोग होईल, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची नजर रस्त्यावरील माणसापेक्षा फाटकवाल्यावरच अधिक असते. पाळत आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळत स्वस्त असते, म्हणून ती आधी येते. संरक्षणाला पैसा लागतो, म्हणून त्याच्या वाटेत 'टीव्हीयू'चा उंबरठा उभा केला जातो.

टीव्हीयू म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले त्याच काळात फाटक ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या, असा हा साधा गुणाकार आहे. मोटार असो, मालमोटार असो वा बैलगाडी असो, प्रत्येकीचे एक एकक धरले जाते. पायी चालणारा माणूस या गुणाकारात येतच नाही. फाटकांची जी वर्गवारी रेल्वेने केली आहे, तीत पादचारी आणि गुरे यांच्या ओलांडणीसाठी मिळून एकच शेवटचा 'ड' वर्ग राखून ठेवला आहे. वर्गवारीचे हे शब्द बोलके आहेत.

एक उदाहरण घ्यावे. एखाद्या फाटकावरून दिवसाला चाळीस गाड्या जातात असे समजा. तेथून रोज अडीचशे वाहने जात असतील तर गुणाकार दहा हजार होतो आणि फाटक इंटरलॉक होण्यास पात्र ठरते. वाहने दोनशे चाळीस असतील तर गुणाकार नऊ हजार सहाशेवर थांबतो आणि फाटक अपात्र ठरते. आता त्याच फाटकावरून रोज सहाशे माणसे पायी जातात असे धरा : शाळेतील मुले, भाताचे भारे डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, दवाखान्यात निघालेले म्हातारे. गुणाकार तेवढाच राहतो, नऊ हजार सहाशे. पन्नास उतारूंनी भरलेली एस.टी.ची बस एक एकक, आणि एकट्या मालकाला घेऊन जाणारी मोटारही एकच एकक. फाटकाच्या जागी उड्डाणपूल हवा असेल, तर खर्चाच्या वाटणीच्या तत्त्वावर तो मिळण्यासाठी एक लाख टीव्हीयूची अट रेल्वेच्या धोरणात आहे. चाळीस गाड्यांच्या मार्गावर त्यासाठी रोज अडीच हजार वाहने लागतील. कोकणातील किती वाडीरस्त्यांवर ती जमतील?

शिवाय ही मोजणी ठरावीक वर्षांनी, काही दिवसांपुरती होते. कोकणातील रहदारी वर्षभर सारखी नसते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा रस्त्यावरील वाहने वाढतात आणि रुळावरील जादा गाड्याही वाढतात. मोजणी भाद्रपदात झाली की भर श्रावणात, यावर एखाद्या गावाचे संरक्षण अवलंबून राहावे हे शास्त्रीय नियोजनाला शोभणारे नाही.

रोह्यापासून मंगळुरूजवळील ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटर लांबीच्या कोकण रेल्वेवर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण वाहतूक सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यात ती खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर या तालुक्यांतून जाते. बोगदे, पूल आणि खोल कटिंगे यांमधून जाणाऱ्या या मार्गाची आखणी करताना फाटके शक्यतो कमी ठेवण्यात आली, ही गोष्ट अभियंत्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देते. परंतु ज्या थोड्या जागी रूळ आणि रस्ता एका पातळीवर भेटतात, तेथील धोका संख्या कमी म्हणून कमी होत नाही. डोंगरी मार्गावर वळणे आणि कटिंगे असल्याने गाडी दुरून दिसत नाही. म्हणून रुळाच्या कडेला 'सी/फा' अशी अक्षरे लिहिलेले पिवळे फलक उभे असतात. फाटक येत आहे, शिट्टी वाजवा, असे ते चालकाला सांगतात. फाटकापासून सहाशे मीटरवर वाजलेली शिट्टी ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या गाडीपुढे फार तर बावीस सेकंद धावते. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे आषाढातील सरींत डोक्यावर इरले किंवा प्लास्टिक घेतलेल्या माणसाला ती किती ऐकू येईल, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. २०२२ साली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. त्यामुळे इंधनाची बचत झाली, धूर गेला, हे चांगलेच झाले. पण डिझेल इंजिनाची लांबून ऐकू येणारी धडधडही गेली. तीच धडधड वर्षानुवर्षे वाडीतील माणसांची सूचनाघंटा होती, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात झाली नाही.

कोकण रेल्वेला अशी उपकरणे निर्माण करता येत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्र आणि चार राज्ये यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या सार्वजनिक महामंडळाने निसर्गाचे इशारे ऐकण्याची कला चांगली साधली आहे. रत्नागिरी आणि निवसर यांच्या दरम्यान असलेल्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण बसवलेले आहे. चिपळूण आणि कामथे यांच्या दरम्यान वाशिष्ठी नदीवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. दरड कोसळल्यास गाडीला सावध करणारी 'रक्षा धागा' ही योजना याच महामंडळाची. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे झालेल्या अपघातात पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले होते, ही आठवण अशा योजनांचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे. १९९९ साली गैसल येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. त्यानंतरच्या वर्षांत बी. राजाराम यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वेने 'रक्षा कवच' नावाचे टक्करविरोधी उपकरण विकसित केले. गाडी जवळ येताच फाटकावर भोंगा आणि दिवे यांनी रस्त्यावरील लोकांना इशारा देण्याची तरतूद त्या योजनेत होती. पुढे ते उपकरण मागे पडले आणि २०२० साली 'कवच' या दुसऱ्या प्रणालीला राष्ट्रीय मान्यता मिळाली. फाटक जवळ येताच शिट्टी आपोआप वाजवण्याची सोय 'कवच'मध्येही आहे. तात्पर्य, डोंगर, नदी आणि वारा यांचे म्हणणे ऐकू शकणारी बुद्धी या देशात आहे. प्रश्न बुद्धीचा नाही, मोजमापाचा आहे.

मोजमाप चुकले की उत्तम यंत्रही जीव घेते, याचा धडा इंग्लंडमधील हिक्सन येथे मिळाला. तेथे जुने फाटक काढून नवे स्वयंचलित अर्धे अडसर बसवले होते. दिवा लागल्यापासून चोवीस सेकंदांत गाडी फाटकावर येईल अशी त्याची रचना होती. ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहणारे एक अवजड वाहन मंदगतीने रूळ ओलांडीत असताना जलदगाडी त्यावर आदळली आणि अकरा माणसे मेली. उपकरण बिघडले नव्हते. ते ठरल्याप्रमाणेच चालले. चोवीस सेकंद मोटारीला पुरेसे होते, त्या मंद वाहनाला नव्हते. फाटकाजवळ दूरध्वनी होता, पण आधी विचारून मग रूळ ओलांडावा हे वाहन नेणाऱ्यांपर्यंत पोचलेलेच नव्हते. ज्याचा वेग रचनाकाराच्या मनात नव्हता, तो त्या रचनेत मारला गेला. आपल्याकडील मंद वाहन म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. ते म्हणजे बैलजोडी, गुरांचा कळप आणि डोक्यावर ओझे घेतलेली बाई. नवे उपकरण निवडताना यांची चाल हिशेबात धरली आहे काय, असे कोणी विचारताना दिसत नाही.

न मोजलेल्या गोष्टींत पादचाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे : फाटकवाल्याची सावधानता. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचे वर्गीकरण न्या. राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने पक्के झाले. त्यातील 'मुख्यतः खंडित' हा वर्ग ज्यांच्या पाळीत निष्क्रियतेचा काळ निम्मा वा अधिक असतो अशांसाठी आहे. २००५ च्या नियमांनुसार या वर्गातील 'सी' दर्जाच्या फाटकवाल्याला आठवड्याच्या ४८ तासांवर आणखी २४ तास, म्हणजे एकूण ७२ तास कामाला लावता येते. दोन गाड्यांच्या मधला वेळ हा विश्रांतीचा वेळ, असे या नियमाचे गृहीतक आहे. फाटकवाला शरीराने बसलेला असतो हे खरे. परंतु तो जे विकतो ते स्नायूंचे बळ नव्हे, ते आहे अवधान. आणि बाराव्या तासातील अवधान पहिल्या तासातील अवधानासारखे नसते, हे कोणीही कामगार सांगेल. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. अर्धशतक उलटले तरी खेड्यातील फाटकापर्यंत ती पुरती पोचलेली नाही. आता काही ठिकाणी कंत्राटी माजी सैनिक फाटकांवर नेमले जात आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कायम जबाबदारीच्या कामासाठी तात्पुरता माणूस ही व्यवस्था बचतीची आहे, सुरक्षिततेची नव्हे.

यंत्र आले की माणूस नको, असा निष्कर्ष काढण्याची घाई व्यवस्थापनांना नेहमीच असते. आणि यंत्र आले की रोजगार गेला, अशी भीती कामगारांना असते. फाटकाच्या बाबतीत हा वाद निरर्थक आहे. इंटरलॉकिंग फाटकवाल्याला हटवत नाही. एकट्या त्याच्या शुद्धीवर लादलेले ओझे ते हलके करते. समाजवादी विचाराने यंत्राला विरोध करावयाचा नसतो. यंत्राचा लाभ कोणाला मिळतो हे विचारावयाचे असते.

मानवरहित फाटकांच्या इतिहासातूनही हेच शिकता येते. १ एप्रिल २०१४ रोजी देशात ३०,३४८ फाटके होती, त्यांपैकी ११,५६३ मानवरहित होती. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ अशाच एका फाटकावर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे मेली. अशा अपघातांनंतर दर वेळी मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम दाखवले जाई. त्यानुसार फाटकापाशी वाहन थांबवून, खाली उतरून गाडी येत नसल्याची खात्री करणे हे चालकाचे कर्तव्य आहे. कर्तव्य खरेच, पण ते एकाच बाजूचे नाही. भारत सरकार विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यातील १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, रहदारीच्या फाटकावर योग्य ती खबरदारी घेणे हे रेल्वेचेही कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गावरील सर्व मानवरहित फाटके संपुष्टात आणली गेली. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. जे दशकानुदशके 'परवडत नाही' म्हणून टाळले गेले, ते ठरवल्यावर काही वर्षांत होऊ शकले, हाच तिचा अर्थ. परंतु या मोहिमेत कित्येक फाटकांवर माणूस नेमला गेला, कित्येकांच्या जागी भुयारी रस्ते झाले आणि कित्येक सरळ बंद झाली. बंद फाटकाने रेल्वेचा खर्च वाचतो आणि गावकऱ्याची पायपीट वाढते. पावसाळ्यात भुयारी रस्त्यात कमरेएवढे पाणी साचले की माणसे पुन्हा रुळावरूनच जातात, आणि मग त्यांना बेकायदा घुसखोर म्हटले जाते.

पैशाचा प्रश्न उरतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ साली सर्व फाटके, माणूस असलेली आणि नसलेलीही, पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली. त्यासाठी पन्नास हजार कोटी रुपये लागतील आणि गाड्यांच्या सुधारलेल्या चालनातून व बचतीतून ते सात-आठ वर्षांत भरून निघतील, असा समितीचा अंदाज होता. म्हणजे निव्वळ व्यापारी हिशेबानेही ही गुंतवणूक आतबट्ट्याची नव्हती. तरीही तेवढ्या मुदतीत ते झाले नाही. याचे कारण अर्थशास्त्रात जुनेच आहे. उपकरणाचा खर्च रेल्वेच्या खात्यात पडतो. अपघाताचा खर्च मात्र घरातील कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या वाट्याला येतो, आणि त्या कुटुंबाचे खाते राष्ट्रीय ताळेबंदात कोठेच नसते. खाजगी हिशेब आणि सामाजिक हिशेब यांतील ही तफावत भरून काढणे हेच सार्वजनिक क्षेत्राचे प्रयोजन आहे. ते प्रयोजन विसरून सार्वजनिक उद्योगाने खाजगी कारखानदाराचा हिशेब पत्करला, तर त्याच्या सार्वजनिक असण्याला अर्थ राहत नाही.

कोकण रेल्वेपुरता या प्रश्नाला आज वेगळा संदर्भ आहे. भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली. इतर तीन भागीदार राज्यांची संमती त्याआधीच मिळाली होती. महामंडळाची आर्थिक ओढाताण संपावी आणि केंद्राच्या निधीची वाट मोकळी व्हावी, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद. तसे झाल्यास 'पैसा नाही' ही सबब फाटकांच्या बाबतीत उरणार नाही. परंतु निधीची वाट मोकळी झाली म्हणजे तो आपोआप वाडीपर्यंत येतो, असा अनुभव नाही. जलद गाड्या, दुपदरीकरण, स्थानकांची सजावट या मागण्यांना मुंबईत आणि दिल्लीत आवाज असतो. फाटकावरील भोंग्याला तो नसतो.

तो आवाज कार्यकर्त्यांनी द्यावयाचा आहे. निवेदने आणि मोर्चे यांच्या आधी करण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जिल्ह्यातील प्रत्येक फाटकावर कार्यकर्त्यांनी आळीपाळीने सलग आठवडाभर बसून स्वतः मोजणी करावी : वाहने किती, एस.टी.तील उतारू किती, पायी जाणारी माणसे किती, त्यांत शाळेची मुले किती, गुरे किती, आणि एकेकाला रूळ ओलांडण्यास किती सेकंद लागतात. हीच मोजणी गणपतीच्या दिवसांत पुन्हा करावी. माहितीच्या अधिकाराखाली त्याच फाटकाच्या मागील गणनेचा टीव्हीयू, ती कोणत्या महिन्यात झाली आणि फाटकवाल्याची पाळी किती तासांची आहे, हे विचारावे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि ठरावासह कोकण रेल्वेच्या रत्नागिरी येथील विभागीय कार्यालयाकडे द्यावेत.

मागण्या चारच असाव्यात. टीव्हीयूच्या गुणाकारात पादचाऱ्याला आणि बसमधील उतारूला स्थान मिळावे. तोवर, वाहने कितीही असोत, शाळेच्या वाटेवरील प्रत्येक फाटक इंटरलॉक व्हावे आणि तेथे गाडीची सूचना देणारा भोंगा व दिवे असावेत. फाटकवाल्याची पाळी आठ तासांची असावी. आणि फाटक बंद करून भुयारी रस्ता द्यावयाचा असेल, तर एक पावसाळा त्यात पाणी साचत नाही हे सिद्ध झाल्याखेरीज जुनी वाट बंद करू नये.

या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या हिशेबात चालणाऱ्या माणसाची किंमत शून्य धरली आहे, तेथे त्या शून्याच्या जागी एक लिहावयास लावणे हे लहान काम नव्हे. राज्यव्यवस्था ज्याला मोजत नाही, त्याचे ती रक्षणही करीत नाही. आणि ज्याने स्वतःला मोजून घेतले आहे, त्याला वगळणे तिला तितके सोपे राहत नाही.